ओंग आँटींचे डोळे

मोठ्या माणसांना शिकवायचं असेल तर पहिल्या तासाला काही शिकवू नये, नुसतं बघावं. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. कोण दारातून आत येताच भिंतीला टेकून उभा राहतो, कोण एसीच्या झोताखालची खुर्ची टाळतो, कोणाचे पाय सुजून बुटाबाहेर आलेत, पेन्सिल धरताना कोणाचं मनगट थरथरतं. लहान मुलांच्या वर्गात मुलं बाईंना निरखतात. मोठ्यांच्या वर्गात बाईंनी मुलांना निरखायचं असतं, कारण ही मुलं स्वतःहून काही सांगणार नाहीत. पोट दुखतंय म्हणून घरी सोडा, असं म्हणायचं त्यांचं वय गेलेलं असतं.

माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही मुंबईहून सिंगापूरला आलो. मुलुंडच्या शाळेत मी गणित शिकवायचे, तेच इथे एका खाजगी संस्थेत शिकवू लागले. संस्था सेरंगूनला, मॉलच्या मागच्या एका इमारतीत होती. वर्ग शनिवारी दुपारी आणि आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी भरायचे. माझे विद्यार्थी म्हणजे लहानपणी शाळा अर्धवट सुटलेली माणसं: सुरक्षारक्षक, हॉटेलातले आचारी, वृद्धाश्रमातल्या मदतनीस, ड्रायव्हर. बहुतेकांना त्यांच्या कंपन्यांनीच पाठवलेलं असे. गणित आणि इंग्रजीची शाळेची परीक्षा पास झालं की जरा बऱ्या जागेवर बढती मिळेल, अशी आशा असे. ती अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर ही माणसं बारा-बारा तास उभं राहून काम केल्यावर माझ्यासमोर येऊन बसत.

मला ती सगळी 'चेर' म्हणत. टीचरमधलं 'टी' खाऊन टाकायची इथली पद्धत. पहिल्यांदा मला ते खुर्चीसारखं ऐकू आलं होतं. पुढे त्याची सवय झाली, आणि ते आवडायलाही लागलं.

शिकवण्याबद्दल बाहेरच्यांना वाटतं की मोठ्या माणसांची बुद्धी गंजलेली असते. तसं काही नसतं. माझ्या वर्गातला एक सुरक्षारक्षक अपूर्णांक आले की पेंगायचा. सगळे हसायचे. पुढे कळलं की तो रात्रपाळी करून यायचा आणि जागं राहण्यासाठी वर्गाआधी गोड दुधाची कॉफी प्यायचा आणि काया, म्हणजे नारळाचा गोड जॅम, लावलेला पाव खायचा. त्याला साखर होती. अपूर्णांक बिचारे त्या वेळेला वेळापत्रकात होते, एवढाच त्यांचा दोष. एका आचाऱ्याचं भूमितीचं काम पाहून मला वाटलं होतं, हा टाळाटाळ करतो. कढई उचलून उचलून त्याच्या हाताच्या शिरा आखडल्या होत्या, त्याला कंपास फिरवताच येत नव्हता. तोंडी विचारलं की कोनांचं सगळं सांगायचा.

या सगळ्याला आमच्या संस्थेत एकच नाव होतं: मोटिव्हेशन. कोणी नापास झालं, मोटिव्हेशन कमी. कोणी गैरहजर राहिलं, मोटिव्हेशन कमी. त्यावर उपाय म्हणून एका शनिवारी एक वक्ता बोलावला होता. आठवडाभर उभं राहून आलेल्या माणसांना त्याने आणखी तासभर उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि 'मी करू शकतो' असं ओरडायला लावलं. वृद्धाश्रमातली एक बाई गुडघा धरून ओरडत होती. मी मागे उभी होते. मला हसू आलं नाही.

आमच्या विभागाचा प्रमुख मराठी होता. नितीन कारखानीस, पुण्याचा, माझ्याहून बराच लहान. बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहायचा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे दर काही वर्षांनी नव्याने मिळवायच्या नोकरीच्या परवान्यावर होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो आरतीला तबला वाजवायचा आणि फार छान वाजवायचा. तिथे तो मला वहिनी म्हणे. ऑफिसात मी शुभदा. हे त्याने पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगितलं होतं. "वहिनी, तिथलं तिथे, इथलं इथे. लोकांना वाटायला नको." मला ते पटलं होतं. माणूस वाईट नव्हता, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातही तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. तो नियमाने वागला.

ओंग आँटी माझ्या वर्गात आल्या तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. बस चालवायच्या. इथे बसचालकाला बस कॅप्टन म्हणतात, आणि आँटी तो शब्द फार तोऱ्यात वापरायच्या. अंगाने ठेंगण्या. चालकाच्या सीटवर उशी ठेवून बसायच्या म्हणे. केस कापलेले, आवाज खणखणीत. आल्या आल्या पहिल्या बाकावर बसल्या आणि शेजारच्या दोघा धिप्पाड रक्षकांना म्हणाल्या, "ए, सरका लाह, मला फळा दिसू दे." हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलीतलं, आपल्या 'ना'सारखं शेपूट.

तोंडी गणितात त्यांना तोड नव्हती. दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवलं की तिसरी कधी येईल, एक गाडी बिघडली तर बाकीच्यांना किती थांबवायचं, असली गणितं मी त्यांच्यासाठी मुद्दाम तयार करायचे. मी वाक्य संपवायच्या आत त्यांचं उत्तर यायचं आणि वर टिप्पणी, "पण चेर, पावसात हे चालणार नाही."

पहिल्या लेखी चाचणीत मात्र त्या नापास झाल्या. मला धक्काच बसला. त्यांचा पेपर मी पुन्हा तपासायला घेतला. एकही रीत चुकली नव्हती. चुकलं होतं ते उतरवून घेताना. इंग्रजी आठाचा त्यांनी तीन केला होता, सहाचा पाच, काही ठिकाणी दशांशचिन्हच गळालेलं. मग चुकीच्या आकड्यांवर पुढचं सगळं गणित अगदी शिस्तीत, बरोबर सोडवलेलं.

पुढच्या तासाला मी नेमाप्रमाणे शिकवायचं सोडून बघत बसले. आँटी वाचताना मान डावीकडे वळवायच्या आणि कागदाकडे तिरकं बघायच्या. एक ओळ वाचून झाली की बोट ठेवायच्या, पण बोट ओळीच्या खाली जायचं. आलेख काढताना पट्टी हाताने चाचपायच्या. मी त्यांना चष्म्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "जुना झालाय. नवा करीन."

पुढच्या चाचणीला मी त्यांचा पेपर मोठ्या अक्षरात छापून आणला. कोणाला विचारलं नाही. आँटी वर्गात पहिल्या आल्या. पेपर हातात घेऊन त्यांनी इतका वेळ बघितला की मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि डोळे पुसले. तेव्हा मला वाटलं, आनंदाने पुसले.

वर्गानंतर मी त्यांना खालच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. त्यांनी बिनसाखरेची काळी कोपी घेतली; इथे कॉफीला असंच म्हणतात.

"आँटी, सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन डोळे तपासून घ्या. चष्म्याचं नाही हे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "चेर, मला साखर आहे. बरीच वर्षं. गोळ्या घेते, कधी राहून जातात. गाडीवर असताना सारखं लघवीला जाता येत नाही, म्हणून पाणी कमी पिते, म्हणून कधी गोळीच टाळते. आता या डोळ्यात मधोमध डाग येतो. काचेवर कोणी ओला अंगठा लावल्यासारखा. कडेने सगळं दिसतं. मधलं दिसत नाही."

"मग डॉक्टरकडे का नाही जात?"

"डॉक्टरने लिहिलं की गाडी गेली."

त्या पुढे वाकून हळू आवाजात बोलायला लागल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला काय वाटलं, मी या वयात गणित का शिकते? इंटरचेंजवर, मोठ्या बसस्थानकात, कंट्रोलरची जागा असते. खुर्चीत बसायचं, मोठ्या पडद्यावर गाड्या बघायच्या, कॅप्टनला फोन करायचा. ते मला येतं. झोपेत येतं. फक्त परीक्षा पास पाहिजे. म्हणून मीच मॅनेजरच्या मागे लागले, मला शाळेत पाठवा म्हणून. डोळे जायच्या आत पास व्हायचं, मग तपासायचं. असं ठरवलंय मी."

म्हणजे मी उलटं समजत होते. मला वाटत होतं, डोळ्यांमुळे गणित अडलंय. पण डोळ्यांमुळेच तर त्या गणिताकडे आल्या होत्या.

"आँटी," मी म्हटलं, "आणि गाडीतली माणसं?"

"मी सावकाश चालवते."

"रस्त्यावरची?"

त्या उठल्या. "कोपी थंड झाली," म्हणाल्या आणि निघून गेल्या. कप भरलेला होता.

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, कंपनीला कळव. मुलगी म्हणाली, "आई, यू कॅन्नॉट सेव्ह एव्हरीबडी, लाह." मी दोघांचंही ऐकलं नाही. रविवारी सकाळी उठून मी चोआ चू कांगला, आँटींची बस सुटायची तिथे गेले आणि त्यांच्या बसमध्ये चढले.

मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण चढू दिलं. मी पुढच्या सीटवर बसले. खरं सांगायचं तर त्या बस फार सुंदर चालवत होत्या. मी इथे आल्यापासून रोज बसने फिरते, पण इतकी अलगद थांबणारी बस मला माहीत नाही. म्हाताऱ्यांना बसायला वेळ देत होत्या, बाबागाडीवाल्या आईसाठी उतरून फळी लावत होत्या. मला वाटायला लागलं की आपण उगाच आलो. वळणं, झाडं, सिग्नल, सगळं त्यांच्या अंगात होतं.

मग एका थांब्याच्या पुढे पट्ट्यापट्ट्यांचं क्रॉसिंग आलं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन मधोमध पोचली होती. मला ती केव्हाची दिसत होती. बस मंदावली नाही. मी उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले आठवत नाही, मराठीतच ओरडले असणार. आँटींनी ब्रेक दाबला. माणसं पुढे फेकली गेली, कोणाची तरी फळं बसभर घरंगळली. बाई पट्ट्यांवर तशीच उभी होती, बसच्या इतकी जवळ की तिने हात पुढे केला असता तर काचेला लागला असता. मग तिने पिशवी सावरली आणि ती पलीकडे गेली.

आँटींनी पुढचे सगळे थांबे घेतले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी थांबले. त्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या.

"मला ती दिसली नाही," त्या म्हणाल्या. "खरंच दिसली नाही. रस्ता रिकामा होता."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"आज कंट्रोलरला सांगून घरी जाते. उद्या डॉक्टरकडे." मग माझ्याकडे वळल्या, तशाच तिरक्या मानेने. "चेर, शाळा मला पूर्ण करू देईल ना?"

"का नाही करू देणार?" मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या. कोणी ढकललं नाही, कोणी तक्रार केली नाही. आपल्या पायांनी गेल्या, सगळं खरं सांगितलं आणि आपल्या हातांनी आपलं लायसन्स ठेवून आल्या. डोळ्याच्या पडद्याला सूज होती, रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली. डोळ्यात सुई जाते म्हणजे काय होतं, ते मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, "सुई दिसत नाही, चेर. तेवढा एक फायदा."

कंपनीने त्यांना काढून टाकलं नाही, याचं कंपनीला फार कौतुक होतं. त्यांना डेपोत गाड्या धुण्याच्या कामावर घेतलं. गाड्या धुतल्या जातात त्या दिवसभराच्या फेऱ्या आटोपून परत येतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी, म्हणजे माझा वर्ग असतो तेव्हा. इंजेक्शनच्या तारखाही मधल्या वारी पडू लागल्या. उरला शनिवार. शनिवारी त्या यायच्याच. एका डोळ्यावर प्लॅस्टिकची ढाल लावून यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "आठवड्यात काय झालं? कोण सांगतंय मला?" सुरक्षारक्षक सांगायचा. तोवर त्याने कोपीतली साखर सोडली होती. अपूर्णांकही जमायला लागले होते.

परीक्षा जवळ आली तेव्हा नितीनने मला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद होतं म्हणून मराठीत बोलला.

"ओंगचं नाव परीक्षेतून काढावं लागतंय. हजेरी कमी आहे."

"तिची वैद्यकीय प्रमाणपत्रं आहेत सगळी."

"आजारपण असलं तरी गैरहजेरी ती गैरहजेरीच. नियम सगळ्यांना सारखा. शिवाय कंपनीने तिला पाठवलं होतं ड्रायव्हर म्हणून. आता ती ड्रायव्हर नाही. कंपनी म्हणते, या वर्गाला आता आम्ही तिला पाठवलेलं नाही."

"नितीन, ती पास होईल. मी लिहून देते. फक्त पेपर मोठ्या अक्षरात द्या आणि थोडा जास्त वेळ. एवढंच मागते."

"त्याचा अर्ज नावनोंदणीच्या वेळी करायचा असतो. मुदत गेली."

"मुदत होती तेव्हा तिला तिच्या रोगाचं नावही माहीत नव्हतं."

"पण त्रास होत होता ना? मग तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा सांगितलं असतं तर कंपनीने तिला इथे पाठवलं असतं?"

त्याने समोरची फाईल मिटली. मग खरं तेच बोलला. "नसतं पाठवलं."

"म्हणजे आधी सांगितलं तर प्रवेश नाही आणि नंतर सांगितलं तर सवलत नाही. मग माणसाने सांगायचं कधी?"

"शुभदा, इमोशनल होऊन काही..."

"दार बंद आहे, नितीन. वहिनी म्हटलंत तरी चालेल."

त्याचा चेहरा उतरला. त्याने खण उघडला, पाकिटातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. मी बघत होते हे त्याच्या लक्षात आलं. "बीपी," तो म्हणाला. "इथे कोणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका. पुढच्या वर्षी माझा पास रिन्यू व्हायचाय, वरचे लोक आत्ताच आडून विचारतात, एवढं काम झेपतंय ना. वहिनी, नियम मी केलेले नाहीत. मी वाकवायला गेलो तर माझ्याकडे बघणारं कोण आहे?"

त्या क्षणी मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. ज्याला स्वतःचं दुखणं खणात ठेवावं लागतं त्याला तरी दुसऱ्याचं कळावं, असं मला वाटलं. त्याला ते कळत होतंच. कळूनही त्याने नाव काढलं. ऑफिसातल्या लोकांना मोटिव्हेशन कमी पडतं असं मात्र कोणी म्हणत नाही.

मी वर अर्ज केला. वरून उत्तर आलं की विभागप्रमुखांचा निर्णय योग्य आहे. दुसऱ्या सत्रात बाहेरून परीक्षेला बसण्याची मुदत अजून होती, तिथे मी आँटींचं नाव घातलं. पण तिथेही मोठ्या अक्षरांचा अर्ज आदल्या सत्रातच करावा लागायचा. त्यांना साधाच पेपर मिळणार होता.

मग दर रविवारी सकाळी आँटी माझ्या घरी यायच्या. मी पोहे करायचे. त्यांना ते आवडायचे, पण शेंगदाणे काढून ठेवायच्या, दात दुखतात म्हणायच्या. मी एकेक आकडा मोठा काढून द्यायचे आणि मग हळूहळू लहान करत न्यायचे, जणू डोळ्यांनाही सराव करून सुधारता येतं. हा वेडेपणा होता हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनाही कळत असावं. पण बाकी काही करण्यासारखं आमच्या दोघींच्या हातात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर उभी होते. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सगळं येत होतं, चेर. प्रश्न आले, उत्तरं आली. फक्त आकडे आले नाहीत."

इंग्रजीत त्या पास झाल्या. शब्दातलं एखादं अक्षर दिसलं नाही तरी माणूस अंदाजाने शब्द ओळखतो. आकड्याचा अंदाज बांधता येत नाही. आठ की तीन हे शेजारच्या आकड्यावरून कळत नाही. गणितात त्या गेल्या. माझ्या साऱ्या नोकरीत जिला मी सगळ्यात चांगली म्हणेन ती विद्यार्थिनी गणितात गेली, आणि निकालाच्या कागदावर त्याचं कारण लिहायला जागा नसते.

आपण त्यांना डॉक्टरकडे जायला लावलं याचं मला वाईट वाटतं का, असं आमच्या मैत्रिणींमध्ये मला कोणी कोणी विचारलं. नाही वाटत. क्रॉसिंगवरची ती पिशवीवाली बाई मी विसरलेले नाही. आजही मी तेच सांगेन. मला वाईट वाटत नाही, राग येतो. ओंग आँटींनी जे करायला हवं होतं ते सगळं केलं. खरं बोलल्या, औषध घेतलं, अभ्यास केला. त्यानंतर ज्यांनी आपापलं करायचं होतं त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपला नियम काढून दाखवला, आणि प्रत्येकाचा नियम बरोबर होता.

पुढच्या वर्षी आमच्या संस्थेत आरोग्य सप्ताह झाला. वर्गाच्या दारात केळी आणि संत्री ठेवली. भिंतीवर चित्रं लावली: झोप नीट घ्या, पाणी भरपूर प्या, तणाव टाळा. बारा तासांची पाळी करून आलेला सुरक्षारक्षक ते वाचून मला म्हणाला, "चेर, हे आमच्या बॉसला पाठवू का?" नितीनने समारोपाचं भाषण केलं. शिकणाऱ्याचं शरीर आणि मन सांभाळणं ही आपलीही जबाबदारी आहे, असं तो म्हणाला. भाषण चांगलं होतं. मोठ्या अक्षरांच्या पेपरसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येईल असा नवा नियमही त्याने आणला होता. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली, पासही रिन्यू झाला. गणपतीत त्याने पुन्हा तबला वाजवला. मी आरतीला मागे उभी राहिले. बोलणं टाळलं असं नाही, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ओंग आँटी त्यानंतर दोन-तीन रविवार आल्या, मग यायच्या थांबल्या. फोन केला की म्हणायच्या, "बिझी, चेर. गाड्या फार घाण होतात."

मी नोकरी सोडली त्या वर्षीची गोष्ट. चोआ चू कांगला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. परतताना हातात तिळगुळाची पुडी आणि वाण होतं, बसथांब्यावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ओंग आँटी बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मी हाक मारली तेव्हा त्यांनी आधी मान वळवली, मग हसल्या. "आवाज ओळखला. साडी लाल आहे की केशरी?"

"केशरी."

"छान दिसत असणार."

मी तब्येत विचारली. एक डोळा टिकलाय म्हणाल्या, तसाच आहे, वाढत नाही. काम सुटलं होतं. धाकट्या बहिणीकडे राहत होत्या. मला राहवलं नाही. मी नव्या नियमाचं सांगितलं. आता मोठ्या अक्षरांचा पेपर मिळतो, केव्हाही अर्ज करता येतो, एकच विषय राहिलाय, मी पुन्हा शिकवते. सांगता सांगता माझा मलाच उत्साह चढला.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "चेर, तुमचं काही चुकलं नाही. कधी असं समजू नका. पण आता कशाला? कंट्रोलरची जागा एका तरुण पोराला मिळाली. चांगला आहे तो. आणि मला..." त्या थांबल्या. "मला पूर्वी गणित आवडायचं. गाडी चालवता चालवता मनातल्या मनात करायची. आता कोणी आकडा बोललं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. ते आवडणं परत कसं आणणार? त्याला औषध नाही, लाह."

शिकवण्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा पराभव कोणता, तर विद्यार्थी नापास होणं नव्हे. तो आम्हाला रोजचाच. ज्याला गोडी होती त्याची गोडी जाणं, हा खरा. आणि तो कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

लांबून एक बस येताना दिसली. आँटी उठल्या आणि कठड्याला धरून पुढे झाल्या.

"कितवी आहे, चेर?"

मी नंबर सांगितला.

"माझीच."

बस थांबली, दार उघडलं. आत एक जाडजूड, दाढीवाला चालक होता. त्याने आँटींना बघितलं आणि ओरडला, "कॅप्टन ओंग!" त्यांनी त्याला चिनीत काहीतरी सुनावलं, तो हसला. त्या एकेक खांब चाचपत मागे सरकल्या. मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. त्याने आरशात बघितलं, आणि आँटी सीटवर नीट बसेपर्यंत गाडी हलवली नाही.